पुणें सार्वजनिक सभेचे मुखत्यारनामे : लोकप्रतिनिधित्वाच्या एका उपेक्षित साधनाचा विचार

(१)

जुने कागद जमविणारांत एक संकेत रूढ झालेला दिसतो. रुमाल सोडावा, वरच्या दोनचार कागदांची मिति पाहावी, आणि ती शके १७४० च्या अलीकडची निघाली तर रुमाल पुन्हा बांधून माळ्यावर ठेवावा. पेशवाई इ. स. १८१८ त संपली, तेव्हां संशोधन करण्याजोगा इतिहासही तेथेंच संपला, अशी समजूत या संकेताच्या मुळाशीं आहे. कै. राजवाडे यांनीं वाईस हातीं लागलेल्या कागदांवरून इ. स. १८९८ त 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यापूर्वीं ते कागदही रद्दींतच मोडत होते. आज ज्यास आपण रद्दी म्हणतों तेंच उद्यां साधन ठरतें, हा धडा त्या खंडानें घालून दिला. परंतु तो आपण पेशवाईच्या हद्दीपर्यंतच गिरविला.

प्रस्तुत लेखांत आम्ही इ. स. १८७० च्या सुमाराच्या एका कागदाच्या प्रकाराकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. हा प्रकार म्हणजे पुणें सार्वजनिक सभेच्या सभासदांस शहरांतील व प्रांतांतील लोकांनीं लिहून दिलेले मुखत्यारनामे. सभेचे इंग्रजी अर्ज व तिचें इंग्रजी त्रैमासिक यांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. मात्र ज्या कागदाच्या बळावर ती सभा लोकांच्या नांवानें बोलूं शकली, तो कागद साधन म्हणून कोणी फारसा विचारांत घेत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, महाराष्ट्रांतील राजकीय पक्षांच्या व लोकप्रतिनिधित्वाच्या इतिहासाचा आरंभ शोधावयाचा तर तो या कागदापासून शोधला पाहिजे.

(२)

मुखत्यारनाम्याचें नवेपण ध्यानांत येण्यासाठीं त्यापूर्वींच्या महजराकडे पाहावें. आमच्या वाचकांस महजर परिचित आहे. वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे मजालस बसे. दिवाणाकडील अधिकारी, देशमुख, देशपांडे, गांवचे मोकदम, शेटे-महाजन व बलुते हजर होत. वादी-प्रतिवादींच्या तकरीरा घेतल्या जात, आणि निवाडा ठरल्यावर महजर लिहून त्यावर हाजिर मजालसीच्या साक्षी पडत. ज्यांस अक्षर येत नसे ते निशाणी करीत. कुणब्याचा नांगर, सुताराचें किंकरें, न्हाव्याचा आरसा अशा त्या निशाण्या पुष्कळ महजरांच्या पायथ्याशीं आढळतात.

या साक्षींचें स्वरूप काय होतें? पाटील साक्ष घाली तो पाटील म्हणून, आणि सुतार निशाणी करी तो गांवचा सुतार म्हणून. मजालशींतील प्रत्येकाची जागा त्याच्या वतनानें ठरलेली असे. गांवच्या पांढरीच्या नांवानें बोलण्याचा अधिकार त्यास कोणी दिलेला नसे. तो जन्मानें आलेला असे. म्हणूनच तो काढूनही घेतां येत नसे. या पद्धतींत सर्व जातींस व धंद्यांस स्थान होतें ही तिची थोरवी खरी. परंतु 'अमुक मनुष्यानें आमच्या वतीनें बोलावें' असें गांवकऱ्यांनीं आपल्या खुषीनें ठरविण्याची सोय तींत नव्हती.

इंग्रजी अमलांत न्यायाचें काम अदालतींकडे गेलें व मजालशीचें महत्त्व ओसरलें. त्याबरोबर अदालतींतून एक नवा कागद लोकांच्या अंगवळणीं पडला. आपल्या वतीनें दुसऱ्यानें काम चालवावें म्हणून वकीलपत्र किंवा मुखत्यारनामा लिहून देण्याची रीति व्यापारी, इनामदार व शेतकरी या सर्वांस ठाऊक झाली. खासगी दाव्यांत वापरला जाणारा हा कागद सार्वजनिक कामास लावण्याची कल्पना पुण्यांत निघाली, आणि ती निघण्यास एका देवस्थानाचा कारभार कारण झाला.

(३)

पर्वतीचें देवालय नानासाहेब पेशव्यांनीं बांधिलें. पेशवाईनंतरही त्या संस्थानाचा खर्च चालू राहिला व पुढें त्याची देखरेख पंचांकडे आली. या पंचांच्या कारभाराविषयीं शहरांत गाऱ्हाणीं सुरू झालीं. देवस्थान पेशव्यांचें, दर्शनास जाणारें सारें शहर, आणि जाब विचारावयाचा तर तो कोणी विचारावा हा प्रश्न उभा राहिला. चार प्रतिष्ठित गृहस्थांनीं अर्ज केला तर त्यांस हें शहर आपलें मुखत्यार मानतें याला पुरावा काय, असें कोणीही विचारूं शकत होता. या अडचणीचें उत्तर म्हणून रीतसर मुखत्यारी घेतलेल्या लोकांची सभा स्थापन करण्याचें ठरलें. इ. स. १८६७ त निघालेली पुणें असोसिएशन नांवाची मंडळी शहरांत होतीच. तिच्या जागीं ही नवी सभा आली.

शके १७९२ प्रमोदनाम संवत्सर, चैत्र शुद्ध १, मंदवार, म्हणजे ता. २ एप्रिल १८७० रोजीं, वर्षप्रतिपदेच्या मुहूर्तावर पुणें सार्वजनिक सभा सुरू झाली. तिचे प्रमुख उत्पादक गणेश वासुदेव जोशी हे वकील होते, हें येथें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुढें सभेच्या नांवावरूनच लोक त्यांस 'सार्वजनिक काका' म्हणूं लागले. अध्यक्षपद औंधच्या पंत प्रतिनिधींस देण्यांत आलें व दक्षिणेंतील इतर संस्थानिक आणि सरदार यांचीं नांवेंही सभेशीं जोडण्यांत आलीं. म्हणजे माथ्यावर जुनीं घराणीं राहिलीं, काम वकील व पेन्शनर मंडळींच्या हातीं आलें, आणि पायथ्याशीं सह्या करणारे लोक उभे राहिले.

सभासद होण्याचा नियम असा होता कीं, निदान ५० सज्ञान माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा जो आणील तोच सभासद. सही करणाराच्या जातीची किंवा धर्माची अट नव्हती. सभेच्या आरंभीं ९५ सभासद होते व त्यांस मुखत्यारी देणारांची संख्या सुमारें ६,००० होती. ९५ जणांस नियमाप्रमाणें ४,७५० सह्या पुरल्या असत्या. परंतु प्रत्येकामागें सरासरी ६३ सह्या पडतात. यावरून नियमापुरत्या सह्या आणून काम भागविण्याची वृत्ति त्या मंडळींत नव्हती, एवढें अनुमान करण्यास हरकत नाहीं. इ. स. १८७२ च्या खानेसुमारींत पुणें शहर व छावणी मिळून वस्ती लाखावर भरली. त्या मानानें ६,००० ही संख्या थोडी दिसेल. पण मतदान हा शब्द अद्याप कोणाच्या कानावर आला नव्हता अशा काळीं, इतक्या लोकांनीं एका राजकीय कामासाठीं आपलें नांव कागदावर घातलें, ही गोष्ट लहान म्हणतां येत नाहीं.

याच काळांतील इतर संस्थांशीं तुलना केली असतां हा फरक अधिक उठून दिसतो. कलकत्त्याची ब्रिटिश इंडियन असोसिएशन इ. स. १८५१ त व मुंबईची बाँबे असोसिएशन इ. स. १८५२ त निघाली. नाना शंकरशेट यांच्यासारखे वजनदार पुरुष मुंबईच्या संस्थेंत होते व त्यांनीं केलेलें काम मोलाचें आहे. परंतु तेथें सभासदत्व वर्गणीवर अवलंबून होतें. ज्यानें वर्गणी भरली तो सभासद. पुण्याच्या सभेंत दुसऱ्या पन्नास जणांच्या विश्वासाशिवाय प्रवेश नव्हता. पहिल्या प्रकारांत मनुष्य आपल्या ऐपतीनें बोलतो, दुसऱ्यांत लोकांच्या संमतीनें बोलतो. हा भेद इंग्रजी ग्रंथ वाचून सुचला किंवा अदालतीच्या ओसरीवर सुचला याचा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. त्यासाठीं जो कागद निवडला तो लोकांच्या नित्य व्यवहारांतला होता, म्हणून तो लोकांस समजला, हें महत्त्वाचें.

(४)

मुखत्यारी मिळाली, पण तिचा उपयोग काय झाला? सभेच्या पहिल्या दहा वर्षांच्या कामाकडे पाहिलें तर एक गोष्ट वारंवार आढळते. सरकारास अर्ज करण्यापूर्वीं माहिती मिळवावयाची, व ती कचेरींत बसून न मिळवितां गांवोगांव जाऊन मिळवावयाची. इ. स. १८७२ त सभेनें शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यास एक पोटसमिति नेमली व १८७३ त तिचा वृत्तांत छापून प्रसिद्ध केला. जमीनधाऱ्याची नवी आकारणी, सावकारी कर्ज व गांवच्या उद्योगांची स्थिति यांची चर्चा त्यांत आहे. पुढें दोनच वर्षांनीं, १८७५ च्या मे महिन्यांत, सुप्यास सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले. तेव्हां ही चौकशी वेळेवर झाली होती हें सर्वांच्या प्रत्ययास आलें.

महादेव गोविंद रानडे हे इ. स. १८७१ च्या अखेरीस न्यायखात्यांतील नोकरीवर पुण्यास आले. सरकारी नोकर असल्यामुळें त्यांस सभेंत उघडपणें अधिकार घेतां येत नव्हता, तरी सभेच्या कामास त्यांच्या बुद्धीचें व लेखणीचें पाठबळ मिळालें. जोशी यांची धडाडी व रानडे यांची विचारशक्ति यांचा मिलाफ झाल्यानें सभेचें काम पुण्याच्या पेठा ओलांडून जिल्ह्यांच्या गांवीं पोहोंचलें. अदालतीचा खर्च वांचावा म्हणून लवाद कोर्टें काढण्याचा उद्योगही याच दशकांतला. जोशी यांनीं इ. स. १८७२ त स्वदेशी वस्त्र वापरण्याचें व्रत घेतलें आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते सभेचे प्रतिनिधि म्हणून जाड्याभरड्या देशी वस्त्रांत गेले. राजेरजवाड्यांच्या त्या मेळ्यांत मुखत्यारनाम्याच्या बळावर गेलेला हा मनुष्य उभा होता. आमच्या मतें त्या प्रसंगाचें खरें स्वारस्य पोषाखापेक्षां या गोष्टींत अधिक आहे.

सभेच्या मुखत्यारीची खरी कसोटी इ. स. १८७६-७७ च्या दुष्काळांत लागली. दक्षिणेंतील जिल्ह्यांत पाऊस बुडाला, गुरें मेलीं, लोक परागंदा होऊं लागले. सभेनें तालुक्यांतून आपले हस्तक पाठवून पिकांची, पाण्याची व धान्याच्या भावांची माहिती मागविली व ती पत्रांच्या रूपानें एकामागून एक सरकाराकडे रवाना केली. इ. स. १८७७ च्या जानेवारींत सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाप्रमाणें दुष्काळी कामावरील मजुरीचा दर कमी झाला; दिवसाच्या मजुरीचें धान्य एका पौंडाच्या हिशेबावर आलें. हजारों मजूर कामें सोडून गेले. सभेनें त्यांची बाजू घेऊन एवढ्या धान्यांत कष्टाचें काम करणारें शरीर टिकत नाहीं असें आंकड्यांनीं मांडलें. पर्वतीच्या पंचांस जाब विचारण्यासाठीं निघालेली सभा सात वर्षांत खडी फोडणाऱ्या मजुराच्या भाकरीचा हिशेब मागूं लागली, हा प्रवास सामान्य नव्हे.

इ. स. १८७८ त सभेचें इंग्रजी त्रैमासिक सुरू झालें. सीताराम हरि चिपळूणकर त्याचे संपादक होते व त्यांतील पुष्कळसे लेख रानडे यांच्या हातचे होते. गणेश वासुदेव जोशी यांनीं १८७९ त वासुदेव बळवंत फडके यांचें वकीलपत्र घेतलें. १८८० त ते वारले. मुखत्यारीच्या कल्पनेस सभेचें रूप देणारा हा वकील, दुसरा कोणी पुढें येण्यास कचरेल अशा आरोपीच्या बाजूनें उभा राहिला, ही गोष्ट त्याच्या चरित्राशीं सुसंगतच होती.

(५)

येथवर वर्णन एका बाजूचें झालें. सभेच्या मुखत्यारीवर त्याच शहरांतून एक गंभीर आक्षेप आला, व तो टाळून या विषयाचा निकाल लावणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जोतीराव फुले यांनीं ता. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापिला. १८७६ पासून १८८२ पर्यंत ते पुणें म्युनिसिपालिटीचे सरकारनियुक्त सभासद होते. सभा 'सार्वजनिक' म्हणविते, पण तिचें चालकत्व ब्राह्मणांकडे आहे आणि शूद्र शेतकऱ्यास तींत वास्तविक जागा नाहीं, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. इ. स. १८८३ त लिहून पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांतही ही टीका आली आहे.

या आक्षेपाचे दोन भाग पाडले पाहिजेत. चालक मंडळींत ब्राह्मण वकील व पेन्शनर यांचा भरणा होता ही गोष्ट उघड आहे, व ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. दुसरा भाग सह्या करणारांविषयींचा आहे, आणि त्याचें उत्तर नियमांच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. तें मुखत्यारनाम्यांच्या पायथ्याशींच सांपडेल. नियमांत जातीची अट नव्हती, एवढ्यानें सर्व जातींनीं सह्या केल्या असें सिद्ध होत नाहीं. आणि चालक ब्राह्मण होते, एवढ्यानें सह्याही त्यांच्याच होत्या असें ठरत नाहीं. कसबा, शनिवार व सदाशिव पेठांतील सह्या किती, गंज, भवानी व रविवार पेठांतील किती. बालबोध किंवा मोडी अक्षर किती व नुसती निशाणी किती. याचा तक्ता मांडला म्हणजे जोतीरावांचा आक्षेप कोठवर खरा, हें कागदच सांगतील. सभेचा अभिमानी असो वा तिचा टीकाकार असो, दोघांसही शेवटीं याच साक्षीदारासमोर यावें लागेल.

स्त्रियांविषयींही येथें एक उल्लेख केला पाहिजे. जोशी यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं पुण्यांत 'स्त्री विचारवती सभा' चालविली व सर्व जातींच्या स्त्रियांस हळदीकुंकवास एकत्र बोलाविलें. जुन्या मोडी दस्तैवजांत स्त्रीची निशाणी बांगडीची असे, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. या काळाच्या सार्वजनिक कागदांत ती निशाणी आढळली, तर ती विशेष टिपून ठेवावी.

(६)

मुखत्यारनाम्याचें महत्त्व पुढें कमी कां झालें? याचीं कारणें दोन. पहिलें कारण कायद्याचें. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर इ. स. १८८४ त मुंबई इलाख्यांत म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डें यांविषयींचे कायदे झाले व लोकनियुक्त सभासदांचें प्रमाण वाढलें. १८९२ च्या कायद्यानें या संस्थांस कायदेकौन्सिलासाठीं माणसें सुचविण्याची वाट मोकळी झाली. याप्रमाणें कायद्यानें मान्य केलेला प्रतिनिधि अस्तित्वांत आल्यावर नुसत्या सह्यांच्या मुखत्याराची गरज सरकारास उरली नाहीं. मात्र या नव्या मतदारास कराची किंवा मालमत्तेची अट होती. मुखत्यारनाम्यावर सही करणारास ती नव्हती. म्हणजे अधिकार पक्का झाला, पण त्याचें दार अरुंद झालें.

दुसरें कारण पक्षभेदाचें. इ. स. १८८५ त राष्ट्रसभेचें पहिलें अधिवेशन पुण्यास भरावयाचें होतें व त्याची व्यवस्था सभेच्या मंडळींकडे होती. पटकीच्या सांथीमुळें तें मुंबईस हलविण्यांत आलें. पुण्याची पाळी पुन्हा १८९५ त आली, तोंवर शहरांत दोन पक्ष स्पष्ट झाले होते. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत सभेच्या व्यवस्थापक मंडळाच्या निवडणुकींत बाळ गंगाधर टिळक यांच्या पक्षास बहुमत मिळालें. पुढें इ. स. १८९६ त रानडे, गोपाळ कृष्ण गोखले प्रभृति मंडळींनीं डेक्कन सभा नांवाची निराळी संस्था काढली. आपल्या इकडील राजकारणांत एखादी संस्था मतांच्या जोरावर एका पक्षाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा हा आरंभींचा ठळक प्रसंग होय. या लढतीच्या गुणदोषांची चर्चा येथें प्रस्तुत नाहीं. आम्हांस सांगावयाचें एवढेंच कीं, दोन्ही पक्षांनीं सभा हातीं असण्यास इतकें मोल दिलें, याचें कारण सव्वीस वर्षांपूर्वीं ती लोकांच्या मुखत्यारीवर उभी केलेली होती.

इ. स. १८९६-९७ च्या दुष्काळांत नव्या चालकांनीं फॅमिन कोडांतील रयतेचे हक्क मराठींत छापून वांटले व गांवोगांव हस्तक पाठविले. १८७६-७७ चीच ही पद्धत होती. फरक इतकाच कीं, पूर्वीं रयतेची स्थिति सरकारास कळविण्यावर भर होता, आतां सरकारचे नियम रयतेस कळविण्यावर भर पडला. सरकारास हें रुचलें नाहीं. सार्वजनिक कारभाराविषयीं सरकाराशीं लिहिण्याचा या सभेचा अधिकार यापुढें मानला जाणार नाहीं, असें १८९७ त सरकारानें ठरविलें. लोकांनीं दिलेली मुखत्यारी सरकारानें अमान्य केली. ज्यांनीं ती दिली होती त्यांस कोणी विचारलें नाहीं.

(७)

आतां संग्राहकांस चार व्यावहारिक सूचना करून हा लेख पुरा करतों.

पुण्यांतील व दक्षिणेंतील ज्या घराण्यांत वकिली, सावकारी, इनाम किंवा पेन्शन यांचीं दप्तरें आहेत, त्यांतील शके १७८० ते १८२० या दरम्यानचे कागद मिति पाहूनच बाजूस टाकूं नयेत. अशा दप्तरांत सार्वजनिक कामाचा कागद बहुधा खासगी दाव्यांच्या वकीलपत्रांतच मिसळलेला असतो. दोहोंचा मायना सारखा असल्यामुळें तो सहज नजरेआड होतो. एकाच कागदावर परस्परांशीं नातें किंवा वांटणीचा संबंध नसलेल्या अनेकांच्या सह्या दिसल्या, तर तेथें थांबून मजकूर पूर्ण वाचावा.

नक्कल करतांना सह्यांचा भाग 'सह्या पुष्कळ आहेत' एवढें लिहून सोडूं नये. सह्या ज्या क्रमानें आहेत त्याच क्रमानें उतराव्या. पेठ, गांव व धंदा लिहिला असेल तर तोही घ्यावा. निशाणी असेल तर तिची आकृति काढावी व ती कोणाच्या हातची म्हणून लिहिली आहे तें नमूद करावें. अनेक नांवें एकाच वळणाच्या अक्षरांत असतील तर तसा शेरा मारावा, कारण खरी सही व भरतीची सही यांतील भेद त्यावरूनच कळतो. मिति शकाची व तारीख इसवीची अशा दोन्ही असल्यास ताळा करून पाहावा. कागदाचें माप, शिक्का व तिकीट यांचीही नोंद असावी.

महजराच्या पायथ्याशीं असलेल्या नांगराच्या निशाणीवरून आपण शिवकालीन गांवगाड्याचें चित्र उभें करतों. तीच निशाणी शके १७९२ च्या कागदावर असेल तर तिचें मोल कमी कां मानावें? पहिलीनें आपल्या वतनाची जागा दाखविली. दुसरीनें 'माझ्या वतीनें यानें बोलावें' असें प्रथमच सांगितलें. हे कागद वाळवीच्या तोंडीं गेले, तर त्या काळचें राजकारण केवळ इंग्रजी अर्ज लिहिणारांचें होतें असेंच पुढील पिढ्या समजतील, आणि ज्यांच्या नांवानें ते अर्ज लिहिले गेले ते सहा हजार लोक एका आंकड्याखेरीज कोठेंच उरणार नाहींत. तेव्हां ज्या गृहस्थांच्या संग्रहीं या प्रकारचे कागद असतील त्यांनीं त्यांच्या नकला कराव्या, आणि मूळ कागद सुरक्षित राहतील अशी तजवीज करावी, अशी आमची त्यांस विनंति आहे.